इलिनॉयमध्ये प्रीस्कूल + ट्यूशन सेंटर: वर्कर्स कॉम्पचा (कामावर दुखापत झाल्यास कर्मचाऱ्याला भरपाई देणाऱ्या विम्याचा) कोट बरोबर आहे का?

शिकवणी_शिकागो यांचा प्रश्न:

शिकागोच्या उपनगरात एका इमारतीत दोन कामं सुरू करतोय. तळमजल्यावर ३ ते ५ वयाच्या मुलांचं लायसन्सवालं प्रीस्कूल, आणि वरच्या मजल्यावर शाळा सुटल्यावर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी गणित-वाचनाची शिकवणी. दोन्ही एकाच एलएलसीखाली (मर्यादित जबाबदारीची कंपनी). मालक आम्ही नवरा-बायको, दोघंही मेंबर.

माणसं अशी: प्रीस्कूलला सहा शिक्षिका आणि मदतनीस, फ्रंट डेस्कला एक, सफाईला एक पार्टटाइम. हे सगळे डब्ल्यू-२ वर (म्हणजे पगारी कर्मचारी), मिळून वर्षाचा अंदाजे पगार २,१८,००० डॉलर. शिकवणीला नऊ पार्टटाइम ट्यूटर, त्यांना १०९९ वर (म्हणजे स्वतंत्र कंत्राटदार म्हणून) वर्षाला अंदाजे ९२,००० डॉलर जातील. त्यातले दोघं ऑनलाइन शिकवतात, एक ओहायोतून आणि एक इंडियानातून.

ब्रोकरने फक्त डब्ल्यू-२ च्या २,१८,००० वर कोट दिलाय आणि सगळे एकाच कोडमध्ये (कामाचा प्रकार सांगणारा, ज्यावरून विम्याचा दर ठरतो) टाकलेत, ८८६९. प्रश्न:

इतक्या लहान संस्थेला ही पॉलिसी सक्तीची आहे का? ट्यूटर १०९९ वर आहेत म्हणजे ते मोजायचे नाहीत, हे बरोबर का? सगळे ८८६९ मध्ये टाकणं योग्य आहे का? आणि शनिवारी काही पालक मदतीला येणार आहेत, त्यांचं काय?

---

इलिनॉयकर:

सक्तीची आहे. इलिनॉयमध्ये पहिल्या कर्मचाऱ्यापासून लागते, मग तो पार्टटाइम असो की आठवड्याला चार तास येणारा. फ्लोरिडात बांधकाम सोडून इतर धंद्यांना चार माणसांपासून लागू होते, जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलिनात तीन माणसांपासून, टेक्सासमध्ये खासगी मालकाला बाहेर राहण्याची मुभा आहे. तिकडच्या मित्रांचे सल्ले इथे चालवू नका.

पॉलिसी नसताना पकडलं गेलं तर जाणूनबुजून टाळल्याबद्दल दिवसाला ५०० डॉलर दंड आहे आणि तो किमान १०,००० चा होतो. स्टॉप-वर्क ऑर्डर निघू शकते, आणि मालकांवर वैयक्तिक फौजदारीही होऊ शकते. पण खरं संकट दंडाचं नाही. पॉलिसी असली की जखमी कर्मचारी सहसा तुम्हाला कोर्टात खेचू शकत नाही, त्याला कायद्याने ठरलेले फायदेच मिळतात. पॉलिसी नसली की हे कवच जातं आणि तो सरळ दिवाणी दावा लावू शकतो, रकमेला मर्यादा नाही.

मालकांबद्दल: एलएलसीच्या मेंबरांना स्वतःला बाहेर ठेवता येतं. कोटवर 'इन्क्लूडेड' आहे की 'एक्सक्लूडेड' ते बघा आणि तेच लेखी मागा. आत ठेवलं तर तुमचा खरा पगार काहीही असला तरी राज्याने ठरवलेल्या किमान आणि कमाल आकड्यांमध्ये बसवून प्रीमियम लावतात. बाहेर राहणार असाल तर आधी तुमच्या हेल्थ इन्शुरन्सची कलमं वाचा. कामावर झालेली दुखापत बऱ्याच पॉलिसी भरत नाहीत, आणि प्रीस्कूलचा मालक जिन्यावरून पडला तर ते कामावरच झालेलं असतं.

---

आकडेमोड:

कोडचं आधी सांगतो, कारण पैसे तिथेच आहेत.

इलिनॉय एनसीसीआयचे (कामांचं विम्यासाठी वर्गीकरण करणारी संस्था) क्लास कोड वापरतं. शिक्षणात मुख्यतः तीन येतात. ८८६८ म्हणजे शाळा-कॉलेजचे व्यावसायिक कर्मचारी आणि क्लार्क. ९१०१ म्हणजे त्याच शाळेतले बाकीचे: सफाई, देखभाल, स्वयंपाकघर. आणि ८८६९ म्हणजे चाइल्ड केअर सेंटर, ज्यात सगळे येतात, क्लार्क आणि ड्रायव्हरसुद्धा. बसून शिकवणारा आणि दिवसभर मूल उचलणारा यांची जोखीम एक नाही, म्हणून ८८६८ चा दर सगळ्यात कमी आणि ९१०१ चा त्याच्या कितीतरी पट असतो. ८८६९ बहुधा मध्ये.

प्रीस्कूलसाठी ८८६९ बरोबर. शिकवणी मात्र ८८६८ ची आहे, निदान मागायला हरकत नाही. फक्त एकाच मालकाच्या दोन धंद्यांना दोन मुख्य कोड आपोआप मिळत नाहीत. दुसरा धंदा पहिला बंद पडला तरी स्वतःच्या पायावर उभा राहील असा हवा, त्याच्या पगाराच्या नोंदी वेगळ्या हव्यात, आणि जागा प्रत्यक्ष वेगळी हवी. तुमचे मजले वेगळे आहेत, मुलं वेगळी, वेळा वेगळ्या. केस चांगली आहे. जी माणसं दोन्हीकडे राबतात, म्हणजे तुमचा फ्रंट डेस्क आणि सफाईवाला, ती जास्त पगाराच्या मुख्य कोडकडे जातील. फ्रंट डेस्क मात्र ८८१० या क्लेरिकल कोडमध्ये काढून घ्या, त्याचा दर अगदीच किरकोळ असतो.

आता गणित. सूत्र साधं: पगार भागिले १००, गुणिले दर, गुणिले एक्सपीरियन्स मॉड (मागच्या क्लेमवरून ठरणारा गुणक). दर कंपनीगणिक बदलतात, म्हणून नुसतं समजण्यापुरतं ८८६९ ला १.५० आणि ८८६८ ला ०.४० धरू. मॉड १.००.

ब्रोकरचा कोट: २,१८० × १.५० = ३,२७० डॉलर.
वर्षाअखेरी विमा कंपनीच्या ऑडिटरने ट्यूटरांचे ९२,००० आत ओढले आणि वेगळा कोड नसला तर तेही ८८६९ मध्ये: ९२० × १.५० = १,३८० जादा. एकूण ४,६५०.
तेच ९२,००० पहिल्या दिवसापासून ८८६८ मध्ये दाखवले असते तर: ९२० × ०.४० = ३६८. एकूण ३,६३८.

म्हणजे आज स्वस्त दिसणारा कोट वर्षाअखेरीला १,०१२ डॉलरने महाग पडतो, आणि तेही एकरकमी बिलात. यावर एक्स्पेन्स कॉन्स्टंट, टेररिझम आणि कॅटॅस्ट्रॉफीचे किरकोळ आकार लागतातच. अगदी छोट्या पॉलिसीला मिनिमम प्रीमियम असतो. तुमचा प्रीमियम त्याच्या वर आहे, म्हणून कोडचा वाद घालण्यात अर्थ आहे. दोन माणसांच्या शिकवणीला नसता.

---

कागदपत्र:

आकडेमोड, एक दुरुस्ती. फ्रंट डेस्क ८८१० मध्ये काढता येणार नाही. ८८१० हा स्टँडर्ड एक्सेप्शन (मुख्य कोडपासून वेगळा काढता येणारा कोड) आहे, पण ज्या कोडच्या मथळ्यातच 'क्लेरिकलसह' लिहिलंय तिथे तो चालत नाही. ८८६९ चा मथळा क्लार्क, सेल्स आणि ड्रायव्हर सगळ्यांना आत घेतो, ८८६८ सुद्धा क्लार्कना आत घेतो. त्यामुळे या संस्थेत ८८१० ला जागाच नाही. ब्रोकरने टाकून दिला तरी ऑडिटर उचलून परत ८८६९ मध्ये टाकेल.

आकडेमोड: मान्य, चुकलं. वरच्या हिशोबात फ्रंट डेस्क ८८६९ मध्येच धरला आहे, त्यामुळे आकडे तेच राहतात.

कागदपत्र:

आता १०९९ बद्दल. फॉर्म कुठला दिला याने काही ठरत नाही. इलिनॉयमध्ये मुख्यतः दोन गोष्टी बघतात: कामावर ताबा कोणाचा, आणि ते काम तुमच्या धंद्याचा गाभा आहे का. वेळ तुम्ही ठरवता, वर्कशीट तुमच्या, खोली तुमची, मूल कोणाकडे जाणार ते तुम्ही ठरवता, फी पालक तुम्हाला देतात. आणि ट्यूशन सेंटरमध्ये शिकवणं हाच धंदा. असा ट्यूटर स्वतंत्र कंत्राटदार ठरवणं फार अवघड आहे. भिंत रंगवायला आलेला रंगारी स्वतंत्र असू शकतो, कारण रंगकाम हा तुमचा धंदा नाही.

ऑडिटमध्ये हे असं येतं: पॉलिसी संपल्यावर साधारण दोन महिन्यांच्या आत कंपनी कागद मागते. तिमाही ९४१ (पगारावरच्या केंद्रीय कराचं रिटर्न), राज्याच्या बेरोजगारी कराचे तिमाही रिटर्न, डब्ल्यू-२ आणि डब्ल्यू-३, दिलेले सगळे १०९९, आणि जनरल लेजर (हिशोबाची खातेवही). लेजर मागतात ते कॅश आणि चेकने दिलेली रक्कम शोधायला. 'कॉन्ट्रॅक्ट लेबर', 'इन्स्ट्रक्टर फी', 'असिस्टंट' असं लिहिलेली ओळ दिसली की प्रश्न सुरू. ज्याला पैसे दिले त्याच्या नावाचं वर्कर्स कॉम्पचं सर्टिफिकेट, म्हणजे अकॉर्ड २५, त्या तारखांना लागू असेल तर ती रक्कम बाहेर राहते. नसेल तर आत येते. सर्टिफिकेट काम सुरू व्हायच्या आधी मागून घ्या. वर्षाअखेरी त्या माणसाला शोधत बसण्यात निम्मी सर्टिफिकेटं हरवतात.

ऑडिटकडे दुर्लक्ष केलं तर बऱ्याच राज्यांत अंदाजित प्रीमियमच्या दुपटीपर्यंत नॉनकम्प्लायन्स चार्ज लावायची सोय पॉलिसीतच असते. लोक ते पत्र जाहिरात समजून टाकतात.

पगारात काय धरतात हेही बघून ठेवा. मूळ पगार, बोनस, सुट्टीचा आणि आजारपणाचा पगार धरतात. टिप, सेव्हरन्स आणि तुम्ही भरलेला ग्रुप हेल्थ इन्शुरन्सचा वाटा धरत नाहीत. ओव्हरटाइमचा वरचा भाग वजा होतो: तासाला १८ डॉलरवाल्याला ओव्हरटाइमचे २७ दिले तर वरचे ९ बाहेर, १८ आत. पण पेरोलच्या नोंदीत ओव्हरटाइम माणसागणिक वेगळा दिसला तरच. एकाच आकड्यात मिसळलेला असेल तर ऑडिटर पूर्ण २७ धरतो आणि त्यात त्याची चूक नाही.

आणखी एक. सकाळी प्रीस्कूलमध्ये आणि संध्याकाळी वर शिकवणारी एकच शिक्षिका असेल तर तिचा पगार दोन कोडमध्ये वाटायला प्रत्यक्ष तासांच्या नोंदी लागतात, दिवसागणिक. '६०-४० टक्के' असा अंदाज चालत नाही. नोंद नसली की पूर्ण पगार महागड्या कोडमध्ये जातो.

---

सीमापार:

ओहायोतल्या ट्यूटरकडे कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. या धाग्यातली सगळ्यात मोठी फट तीच.

ओहायो, नॉर्थ डकोटा, वॉशिंग्टन आणि वायोमिंग या चार राज्यांत वर्कर्स कॉम्प खासगी कंपनी विकूच शकत नाही, राज्याच्या फंडाकडूनच घ्यावं लागतं. तुमचा ब्रोकर कितीही चांगला असला तरी ओहायोचं कव्हर तो या पॉलिसीत घालू शकत नाही. ओहायोत घरी बसून शिकवणारा माणूस तुमचा कर्मचारी ठरला तर तुम्हाला ओहायो बीडब्ल्यूसीकडे (तिथलं वर्कर्स कॉम्पचं सरकारी खातं) यू-३ अर्ज करून खातं उघडावं लागेल. तिथलं पॉलिसी वर्ष १ जुलै ते ३० जून असतं, आणि संपल्यावर खऱ्या पगाराचा 'ट्रू-अप' १५ ऑगस्टपर्यंत भरायचा असतो. पगार शून्य असला तरी ट्रू-अप भरायचाच, तो चुकवला की खातं लॅप्स व्हायची भीती. शिवाय ओहायोच्या फंडात एम्प्लॉयर्स लायबिलिटी (दुखापतीवरून मालकावर दावा झाला तर त्याचं कव्हर) हा भाग नसतो, म्हणून इलिनॉयच्या पॉलिसीवर 'स्टॉप गॅप' एन्डॉर्समेंट, म्हणजे ही फट भरणारं जोड-कलम, मागा.

इंडियाना सोपं आहे, तिथे खासगी कंपनी चालते. पण ते नाव पॉलिसीच्या इन्फर्मेशन पेजवर ३.ए मध्ये (कव्हर असलेल्या राज्यांची यादी) हवं. बरेच ब्रोकर म्हणतात, "३.सी मध्ये बाकीची राज्यं आहेत, काळजी नको." ३.सी हे पॉलिसी सुरू झाल्यानंतर नव्याने काम निघालेल्या राज्यांसाठी आहे. पॉलिसीच्या पहिल्या दिवशीच तिथे काम चालू असेल आणि ते ३.ए मध्ये नसेल, तर ३० दिवसांत कंपनीला कळवलं नाही तर त्या राज्यात कव्हर नाही. हे पॉलिसीच्या मुख्य मजकुरातच लिहिलंय. तुमचा इंडियानाचा ट्यूटर पहिल्या दिवसापासून आहे, म्हणून कोट बदलून घ्या, नंतरचं एन्डॉर्समेंट नको.

ऑनलाइन शिकवण्यात कसली दुखापत, असं वाटतं. मनगट, मान, आणि कामाच्या वेळेत लॅपटॉपच्या वायरीत पाय अडकून पडणं. हे क्लेम येतात.

---

पाटीपेन्सिल:

स्वयंसेवकांचं. पैसे न घेता येणारा पालक साधारणपणे कर्मचारी धरला जात नाही, म्हणून तो वर्कर्स कॉम्पमध्ये येत नाही आणि पडला तर या पॉलिसीतून काही मिळत नाही. त्याच्यासाठी व्हॉलंटियर ॲक्सिडेंट पॉलिसी वेगळी मिळते आणि तुलनेने स्वस्त असते. जनरल लायबिलिटीत स्वयंसेवक कसे धरलेत तेही वाचा.

घोळ होतो तो मधल्या लोकांचा. 'मानधन' म्हणून दर शनिवारी ५० डॉलर, किंवा मुलाची फी माफ, किंवा महिन्याला गिफ्ट कार्ड. कामाच्या बदल्यात काही दिलं की तो माणूस कर्मचाऱ्याकडे झुकतो आणि दिलेलं मूल्य पगारात येऊ शकतं. मंडळांच्या मराठी शाळांमध्ये हे सर्रास होतं, आणि बहुतेकांच्या डोक्यातही येत नाही. द्यायचं असेल तर पेरोलवर घ्या, नाही तर खरोखर फुकट ठेवा. मधलं काही नको.

आणि स्टाफच्या पिकनिकबद्दल, कारण दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं: इलिनॉयच्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे ऐच्छिक करमणुकीच्या कार्यक्रमात, पार्टीत, खेळात झालेली दुखापत कामाची धरत नाहीत. पण मालकाने यायलाच सांगितलं असेल किंवा काम म्हणून नेमलं असेल तर धरतात. पालकांसाठी गेट-टुगेदर आहे आणि शिक्षिकांनी स्टॉल सांभाळायचे असं ईमेल गेलं, की ती नेमणूक झाली. आमंत्रणात शब्द जपून वापरा.

---

जमाखर्च:

कोड आणि ऑडिट झालं. क्लेम कमी ठेवणं आणि आला तर नीट हाताळणं, यावर लिहितो, कारण पुढच्या वर्षीचा दर त्यावर आहे.

प्रीस्कूलमध्ये मोठ्या दुखापती कशा होतात? भिंतीवर सजावट लावायला शिक्षिका मुलांच्या खुर्चीवर चढते. ती खुर्ची जेमतेम फूटभर उंच, बैठक अरुंद, पाय हलके. हात वर ताणला की वजन कडेला जातं, खुर्ची मागे सरकते आणि माणूस मनगटावर पडतो. उपाय: प्रत्येक वर्गात दोन पायऱ्यांचा, पकडायला दांडा असलेला स्टेप स्टूल. कपाटात कुलूपबंद नको. लांब असला की पुन्हा खुर्चीच ओढली जाते. दुसरं, मूल जमिनीवरून डायपर टेबलवर उचलणं. मुलाला स्वतः चढता येईल अशा ओढून काढायच्या पायऱ्यांचं टेबल घेतलं तर पाठीचे क्लेम कमी होतात. तिसरं, प्रवेशद्वाराशी बर्फाचं पाणी. नुसती छोटी पायपुसणी नको, दोन-तीन पावलं पडतील इतकी लांब मॅट हवी, आणि आत ओली फरशी पुसण्याची जबाबदारी एका ठरलेल्या माणसाची. चौथं, चावे. त्वचा फाटली असेल तर लगेच साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टर आणि नोंद.

दुखापत झाली की त्याच दिवशी कंपनीला कळवा. कर्मचाऱ्याला तुम्हाला सांगायला कायद्याने ४५ दिवस आहेत, पण ती मुदत त्याची आहे, तुमची नाही. घटनेची वेळ, जागा, पायात काय होतं, कोणी पाहिलं, फरशी ओली होती का, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. आठवड्याने सगळ्यांच्या आठवणी एकमेकींत मिसळतात. कामाचे तीनपेक्षा जास्त दिवस बुडाले तर राज्याच्या वर्कर्स कॉम्प कमिशनकडे रिपोर्ट जातो, बहुधा विमा कंपनीच पाठवते. मृत्यू झाला तर दोन कामाच्या दिवसांत. शिवाय ओशाला (कामाच्या जागेच्या सुरक्षेचं केंद्रीय खातं) मृत्यू आठ तासांत आणि हॉस्पिटलमध्ये भरती २४ तासांत कळवायची. ते वेगळं खातं आहे, कॉम्पच्या रिपोर्टने ते पूर्ण होत नाही.

इलिनॉयमध्ये डॉक्टर कर्मचारी निवडतो, "आमच्याच क्लिनिकला जा" अशी सक्ती करू नका. काम बुडालं तर सरासरी आठवड्याच्या पगाराच्या दोन-तृतीयांश मिळतात. पहिले तीन दिवस धरत नाहीत, पण १४ दिवस किंवा जास्त बुडाले तर तेही मिळतात.

म्हणून हलकं काम आधीच ठरवून ठेवा. कागदावर: हजेरी घेणं, पालकांचे फोन, वाचनकोपरा, साहित्य कापून ठेवणं. डॉक्टरने "१० पौंडांवर उचलू नये" लिहिलं तर त्या शिक्षिकेला एकटीला वर्ग देऊ नका. चार वर्षांचं मूल त्याच्या तिप्पट-चौपट असतं आणि ते रडत आलं की ती उचलणारच. त्या दिवशी वर्गाचा रेशिओ (मुलांमागे शिक्षिकांचं प्रमाण) दुसऱ्या माणसाने भरा. बदली शिक्षिका दोन आठवडे ठेवण्याचा खर्च पुष्कळदा लॉस्ट-टाइम (काम बुडालेल्या) क्लेमच्या परिणामापेक्षा कमी पडतो.

कारण मॉड. ठरावीक प्रीमियमच्या खाली मॉड लागतच नाही, तुम्हाला पहिली काही वर्षं लागणार नाही. लागू झाला की साधारण तीन वर्षांचे क्लेम बघतात, चालू सोडून. एनसीसीआयच्या सूत्रात फक्त औषधोपचाराचा, पगार न बुडालेला क्लेम ७० टक्के कमी करून धरतात. म्हणजे छोटा क्लेम खिशातून भरून लपवण्यात फारसा फायदा नाही, आणि महिन्याभराने तो मोठा झाला तर "उशिरा का कळवलं?" हा वाद मात्र होतो. मॉडला एक मोठा क्लेम जितका दुखवत नाही तितके लहान पण पगार बुडालेले चार क्लेम दुखवतात.

---

शिकवणी_शिकागो:

ब्रोकरला विचारलं. तो म्हणतो, ट्यूटर १०९९ वरून डब्ल्यू-२ वर आणले आणि ८८६८ मागितला तर दुसऱ्या धंद्याचा पुरावा लागेल. नेमकं काय द्यायचं? दुसरं, वर्षाचे पैसे एकदम भरायचे नसतील तर? आणि जागामालकाने लीजमध्ये एम्प्लॉयर्स लायबिलिटी "५००/५००/५००" लिहिलंय, कोटमध्ये १००/५००/१०० आहे.

---

आकडेमोड:

पुराव्याचं: दोन्ही मजल्यांचा नकाशा, शिकवणीचं वेळापत्रक, पालकांसोबतच्या दोन वेगळ्या करारांचे नमुने, प्रीस्कूलच्या लायसन्सची प्रत ज्यात तळमजल्याच्याच खोल्या आहेत, आणि पेरोलमध्ये दोन वेगळे डिपार्टमेंट. शेवटचं आजच करा. बाकी सगळं नंतर जमवता येतं, पेरोलची नोंद मागच्या तारखेने वेगळी करता येत नाही. कंपनीने तरी नाकारलं तर एनसीसीआयकडे वर्गीकरण तपासायची विनंती करता येते.

पैशांचं: 'पे-ॲज-यू-गो' मागा. दर पेरोलला खऱ्या पगारावर प्रीमियम कापला जातो. उन्हाळी कॅम्पला माणसं वाढतात, डिसेंबरच्या सुट्टीत कमी होतात, अशा धंद्याला तेच बरं. वर्षाअखेरचा धक्का छोटा होतो, ऑडिट मात्र चुकत नाही. आणि स्वस्त मिळाली म्हणून मध्येच कंपनी बदलू नका. विमाधारकाने स्वतः रद्द केलं तर शॉर्ट-रेटने थोडी रक्कम कापून परत देतात. रिन्यूअलला बदला.

सीमापार:

१००/५००/१०० ही मूळ मर्यादा असते, सगळे आकडे हजारांत: एका अपघाताला, आजारासाठी पॉलिसीची एकूण, आणि एका कर्मचाऱ्याच्या आजाराला. ५००/५००/५०० करायला प्रीमियम किंचित वाढतो. उद्या एखाद्या पब्लिक स्कूलच्या इमारतीत शिकवणी चालवायची असेल तर डिस्ट्रिक्ट दहा लाख आणि सोबत 'वेव्हर ऑफ सबरोगेशन' (विमा कंपनीने डिस्ट्रिक्टकडून वसुली न करण्याचं कलम) मागू शकतं. तसा विचार असेल तर आत्ताच १,०००/१,०००/१,००० चा आकडा काढून घ्या, फरक बघा आणि ठरवा. लीजमधलं कलम शब्दशः ब्रोकरला पाठवा, तोंडी सांगू नका. सर्टिफिकेट त्याच शब्दांत लागतं, आणि जागामालकाचं नाव लीजवर आहे तसंच, एलएलसी-इंक सकट.

शिकवणी_शिकागो: पेरोलचे दोन डिपार्टमेंट आज केले. ओहायोचा यू-३ अर्ज आधी की ट्यूटरला डब्ल्यू-२ वर घेणं आधी?

सीमापार: अर्ज आधी. ओहायोत कव्हर मागच्या तारखेने मिळेल असं धरून चालू नका. खातं सुरू झाल्याचं सर्टिफिकेट हातात आलं की मग त्याचा पहिला डब्ल्यू-२ वाला वर्ग लावा. तोवर त्याचे विद्यार्थी वरच्या मजल्यावरच्या कोणाकडे तरी द्या.